'विद्यार्थी-खेळाडू' : मानाचे वतन

अमेरिकेतील काळ्या माणसाची ओळख आपल्या चळवळीला झाली ती त्याच्या कवितेतून, आत्मकथनातून आणि पँथरच्या जाहीरनाम्यातून. म. ना. वानखेडे यांनी काळ्यांच्या साहित्याकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. परंतु हा माणूस लाखो प्रेक्षकांसमोर जिथे आपले शरीर झिजवतो, त्या विद्यापीठाच्या क्रीडांगणाकडे आपल्या समीक्षेने फारसे पाहिलेले नाही. खेळ ही करमणुकीची बाब, विचाराची नव्हे, असा समज त्यामागे असावा. हा समज मला मान्य नाही. अमेरिकन विद्यापीठांतील फुटबॉल आणि बास्केटबॉल हा आज अब्जावधी डॉलरचा व्यवहार आहे, आणि सुमारे सत्तर वर्षे तो एका शब्दाच्या आधारावर चालला. तो शब्द म्हणजे 'विद्यार्थी-खेळाडू'. व्यवस्था शब्दांतून कशी शोषण करते, हे तपासणे समीक्षेचे काम असेल, तर हा शब्द तपासणे हेही समीक्षेचेच काम आहे.

हा शब्द वसतिगृहात जन्मला नाही, वर्गातही नाही. तो वकिली गरजेतून जन्मला. एनसीएए ही तिकडची राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना. वॉल्टर बायर्स हे १९५१ ते १९८७ अशी छत्तीस वर्षे तिचे कार्यकारी संचालक होते. निवृत्तीनंतर १९९५ साली त्यांनी 'अनस्पोर्ट्समनलाइक कंडक्ट' हे पुस्तक लिहिले आणि त्यात उघड सांगितले की, जायबंदी खेळाडू कामगार ठरला तर नुकसानभरपाई द्यावी लागेल, या भीतीपोटी हा शब्द घडवला गेला आणि सर्व नियमांत पेरला गेला. भीती निराधार नव्हती. कोलोरॅडोतील फोर्ट लुईस या महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू १९५५ साली सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे कारण दिले. १९७४ साली टेक्सासमधील केंट वॉल्ड्रेप हा खेळाडू सामन्यात पडून अर्धांगाने लुळा झाला. त्याचाही दावा २००० साली फेटाळला गेला. माणूस मेला तरी विद्यार्थी, लुळा झाला तरी विद्यार्थी. फक्त खेळत असताना तो काय होता, एवढा एकच प्रश्न विचारायचा नाही, अशी ही व्यवस्था.

महाविद्यालय धंदा करीत नाही, या विधानाचा इतिहास पाहू. अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे हार्वर्ड आणि येल यांची १८५२ सालची होड्यांची शर्यत. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने केला, कारण तिला प्रवासी हवे होते. म्हणजे धंदा नंतर घुसला नाही. तो पहिल्या दिवसापासून होता. १९०५ च्या हंगामात फुटबॉलमध्ये इतके तरुण मेले की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना मध्ये पडावे लागले आणि पुढच्या वर्षी एनसीएएची मूळ संघटना स्थापन झाली. त्याच वेळी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने फुटबॉल बंदच करून टाकला. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियात दाखल झाले तेव्हा त्या विद्यापीठाला फुटबॉलचा संघ नव्हता. तो १९१५ साली पुन्हा सुरू झाला. संघ नसल्याने विद्यापीठ बुडाले नाही, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. खेळाविना विद्यापीठ चालत नाही, असे आज म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांचे कोलंबिया हे उत्तर आहे.

पैशाचा खरा पूर आला तो दूरचित्रवाणीमुळे. सामन्यांच्या प्रक्षेपणावर एनसीएएची मक्तेदारी होती. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मोडली आणि प्रत्येक मोठे विद्यापीठ आपला माल आपणच विकू लागले. २०१० साली पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे हक्क चौदा वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरना विकले गेले. २०१६ साली २०३२ पर्यंतची मुदतवाढ आणखी ८.८ अब्ज डॉलरना.

येथे कोणीही विचारील : एवढा पैसा येतो, तर खर्चाची रड कशासाठी? याचे उत्तर त्या 'हौशी' नियमातच आहे. विद्यापीठाला भागधारक नाहीत, म्हणून नफा वाटायचा नाही. खेळाडूला वेतन द्यायला बंदी, म्हणून त्याला पैसा द्यायचा नाही. मग चांगला खेळाडू आपल्याकडे ओढायचा कसा? इमारतींनी आणि प्रशिक्षकांनी. क्लेमसन विद्यापीठाने २०१७ साली साडेपाच कोटी डॉलर खर्चून फुटबॉल संघासाठी वास्तू उघडली, तीत घसरगुंडी आहे, छोटे गोल्फ मैदान आहे, बोलिंगची जागा आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ साली आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला मुदतीआधी काढले आणि उरलेल्या कराराचे म्हणून साडेसात कोटींहून अधिक डॉलर देणे पत्करले. काम करण्यासाठी नव्हे, काम न करण्यासाठी. जो राबतो त्याचे वेतन गोठवले की ती रक्कम नाहीशी होत नाही. ती वरच्या पायरीवर चढते. उतरंडीचा हा नियम आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणि ज्या शेकडो विद्यापीठांना दूरचित्रवाणीचा मोठा वाटा मिळत नाही, तीही या शर्यतीत धावतात. खेळातून मिळवलेल्या पैशावरच खेळाचा खर्च भागवणारी विद्यापीठे वर्षानुवर्षे दोन डझनांच्या आसपासच राहिली आहेत. बाकीच्यांची तूट विद्यापीठाच्या तिजोरीतून आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरली जाते. व्हर्जिनिया राज्याला तर २०१५ साली कायदा करून अशा शुल्कावर मर्यादा घालावी लागली. रात्रपाळी करून, कर्ज काढून शिकणारी गरीब मुलगी, जिने कधी सामना पाहिलाही नाही, ती या शुल्कातून प्रशिक्षकाच्या पगाराला हातभार लावते. खेळाडूचे शोषण आणि विद्यार्थ्याची लूट या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. एकाच हिशेबवहीची ती दोन पाने आहेत.

आता वर्णाकडे येऊ. १९६३ साली अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दोन काळ्या विद्यार्थ्यांना अडवण्यासाठी राज्य विद्यापीठाच्या दारात उभे राहिले. १९७० साली त्याच विद्यापीठाच्या फुटबॉल संघात शिष्यवृत्तीवर पहिला काळा खेळाडू आला. सात वर्षांत हृदयपरिवर्तन झाले असे ज्यांना मानायचे असेल त्यांनी मानावे. माझ्या मते, काळ्या खेळाडूंचे संघ जिंकू लागले, आणि जिंकायचे तर काळे शरीर हवे, हा हिशेब दक्षिणेला उमगला. दार उघडले, पण ते क्रीडांगणाच्या बाजूचे.

हे हॅरी एडवर्ड्स यांनी वेळीच ओळखले होते. सॅन होजे येथे शिकवणाऱ्या या तरुण समाजशास्त्रज्ञाने १९६७ साली काळ्या विद्यार्थ्यांना संघटित करून विद्यापीठाचा हंगामातील पहिला फुटबॉल सामना रद्द करायला लावला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी उगारलेल्या मुठी त्याच चळवळीतून आल्या. १९६९ सालचे त्यांचे 'द रिव्होल्ट ऑफ द ब्लॅक अ‍ॅथलीट' हे पुस्तक मला या विषयावरील सर्वांत महत्त्वाचे पुस्तक वाटते. त्याची भाषा खडबडीत आहे, मांडणी घाईची आहे. ते चळवळीच्या धगीत लिहिले गेले. परंतु त्यांचा प्रश्न मूळचा आहे. काळ्या खेळाडूला पैसे किती मिळतात, एवढेच ते विचारत नाहीत. तो ज्या विद्यापीठात खेळतो त्या विद्यापीठात तो शिकतो काय, राहतो कुठे, माणूस म्हणून त्याला स्थान काय, हे विचारतात. व्यवस्थेचे उत्तर लवकरच आले. १९७३ साली चार वर्षांची क्रीडा-शिष्यवृत्ती एक-एक वर्षाची करण्यात आली. नूतनीकरण प्रशिक्षकाच्या मर्जीवर. बोलक्या खेळाडूचे तोंड बंद करायला यापेक्षा सोपे हत्यार नाही.

पुढचे लेखन या प्रश्नापासून दूर सरकत गेले, अशी माझी तक्रार आहे. बायर्स यांनी पश्चात्तापाने लिहिले आणि या कारभारात जुन्या मळेवाल्यांची वृत्ती नव्या रूपात दिसते, असेही म्हटले. पण त्यांचा उपाय होता खुला बाजार. मार्टिन ल्यूथर किंग यांचे चरित्रकार टेलर ब्रँच यांनी २०११ साली 'द अटलांटिक' मासिकात लिहिलेला दीर्घ लेख जास्त धारदार आहे. गुलामगिरीची तुलना जपून वापरावी असे बजावून ते हा कारभार वसाहतवादी पालकत्वाचा आहे, असे दाखवतात. त्यांचे निदान अचूक आहे. तरीही त्यांचा सारा भर मोबदल्यावर राहतो. शिक्षणाचे देणे बुडाले त्याचे काय, हा एडवर्ड्स यांचा प्रश्न मागे पडतो.

ते देणे कसे बुडते याचा पुरावा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने दिला. २०१४ सालच्या चौकशी अहवालात उघड झाले की तेथे अठरा वर्षे नावापुरते वर्ग चालले : अध्यापक नाही, तास नाही, एक निबंध दिला की उत्तम गुण. ३,१०० हून अधिक विद्यार्थी या वर्गांत होते. त्यांतील निम्म्याच्या जवळपास खेळाडू. आणि हे वर्ग कोणत्या विभागात चालले? आफ्रिकी आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात. काळ्यांच्या चळवळीने झगडून मिळवलेली ज्ञानशाखाच काळ्या खेळाडूला अज्ञानी ठेवण्यासाठी वापरली गेली. २०१७ साली एनसीएएने याबद्दल शिक्षा केली नाही, कारण हे वर्ग सर्व विद्यार्थ्यांना खुले होते! खेळाडूने कोणाकडून चार पैसे घेतले तर त्याला बाहेर काढणारी संघटना, त्याचे शिक्षण चोरीला गेले तेव्हा हा विषय आपल्या अखत्यारीत नाही म्हणाली.

यानंतर न्यायालयांनी हौशीपणाचा बुरखा फाडला. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला. ६ जून २०२५ रोजी एका तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली : २०१६ पासूनच्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई, आणि यापुढे प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देण्याची मुभा. भरपाईचा बहुतांश वाटा पुरुषांच्या फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातो म्हणून काही महिला खेळाडूंनी लगेच अपील केले. मोबदला मिळाला, याचा मला आनंद आहे. राबणाऱ्याच्या हातात पैसा पडला की नाक मुरडणाऱ्या अभिजनांत मी नाही. परंतु याला मुक्ती म्हणायला मी तयार नाही, आणि का ते सांगण्यासाठी आपल्या इतिहासाकडे वळावे लागते.

महार वतन हेही मानाचेच होते. सरकारी निरोप पोचवायचा, सरहद्द दाखवायची, मेलेले जनावर ओढायचे. दिवसाला हद्द नाही, कामाला यादी नाही. बदल्यात जमिनीचा तुकडा, बलुते आणि 'वतनदार' हा शब्द. वतन जन्माने येते, शिष्यवृत्ती जन्माने येत नाही. तेव्हा तुलना ताणू नये. पण मानाचा शब्द वेतनाच्या जागी ठेवण्याची युक्ती दोन्हीकडे एकच आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले, तेव्हा त्यांनी केवळ बलुते वाढवून मागितले नाही. नक्की आणि रोख मोबदला, कामाची कायद्याने निश्चिती आणि वतनातून मोकळे होण्याची वाट, या गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या. ती वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने.

या कसोटीवर २०२५ ची तडजोड लावून पाहा. मोबदला मिळाला. कामाची निश्चिती? नियमाने आठवड्याला वीस तास. पण प्रवास, उपचार, 'ऐच्छिक' सराव मोजायचा नाही, आणि सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तीनच तास धरायचे. खेळाडू कामगार आहे, हे तडजोडीने मान्य केलेले नाही. डार्टमाउथच्या बास्केटबॉल संघाने २०२४ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन स्वीकारली, आणि वर्ष संपताना तो अर्ज मागे घ्यावा लागला. मोकळे होण्याची वाट? एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणे २०२१ पासून सोपे झाले. पण मालक बदलता येणे म्हणजे वतन सुटणे नव्हे. वतन सुटेल ते शरीर थकल्यावरही हाती राहील असे शिक्षण मिळेल तेव्हा. शिवाय नव्या मोबदल्याचा बोजा कोण उचलतो तेही पाहा : टेनेसी विद्यापीठाने २०२४ साली 'प्रतिभा शुल्क' म्हणून तिकिटांवर दहा टक्के वाढ जाहीर केली. प्रशिक्षकाच्या पगाराला कोणी हात लावला नाही.

मग वाट कोणती? मला ती २०१५ च्या मिसूरी विद्यापीठात दिसते. वर्णद्वेषाविरुद्ध एक काळा विद्यार्थी उपोषणाला बसला होता. प्रशासन ढिम्म होते. ७ नोव्हेंबरला फुटबॉल संघातील काळ्या खेळाडूंनी जाहीर केले की अध्यक्ष जाईपर्यंत आम्ही खेळणार नाही. पुढचा सामना बुडाला असता तर विद्यापीठाला दहा लाख डॉलर भरावे लागले असते. ९ नोव्हेंबरला अध्यक्षांनी राजीनामा दिला. या खेळाडूंनी पगार मागितला नव्हता. उपाशी बसलेल्या विद्यार्थ्याच्या बाजूने ते उभे राहिले होते. 'विद्यार्थी-खेळाडू' या शब्दातला 'विद्यार्थी' त्या दोन दिवसांत पहिल्यांदा खरा झाला. तो एनसीएएने दिला नव्हता, त्यांनी स्वतः घेतला होता.

आपल्या कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि विशेषतः अध्यापकांनी या घटनेचा अभ्यास करावा. गुणवान गरीब मुलाच्या गळ्यात मानाची माळ घालून त्याच्या हातातले पुस्तक काढून घेणारे लोक प्रत्येक देशात असतात. माळ दिसली की पुस्तक कुठे आहे, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.