हर्बीच्या सॅकमधला तवा

एलियाहू गोल्डरॅट आणि जेफ कॉक्स यांची ‘द गोल’ ही कादंबरी १९८४ची. बंद पडू घातलेला कारखाना, वाचवायला तीन महिने. काम जिथे अडतं ती जागा शोधा, बाकी सगळं तिच्या वेगाने चालवा, हे गोल्डरॅट यांचं म्हणणं आम्हाला पटतं. कादंबरीत एनसीएक्स-१० नावाच्या यंत्रापाशी काम तुंबतं. मग जेवणाच्या सुट्टीतही ते थांबू द्यायचं नाही. ठीक आहे, यंत्राला भूक नसते.

पण बँकेच्या खिडकीवर अडण्याची जागा म्हणजे माणूस. तिथे साहेब लोक हर्बीचा दाखला देतात, स्काउटच्या पदभ्रमंतीत मागे पडणारा तो जाडा मुलगा! आणि कॅशियरमागे घाई लावतात. अहो, पुस्तक नीट वाचा. हर्बीला कुणी पळवलं नाही. त्याला रांगेत पुढे घेतलं, सॅक उघडली, आतल्या लोखंडी तव्यासकट ओझं इतरांनी वाटून घेतलं.

आमची तक्रार आहे ती जोनाबद्दल, म्हणजे नायकाच्या गुरूबद्दल. तो सॉक्रेटिससारखे प्रश्न विचारतो म्हणे. पण सॉक्रेटिस स्वतःला अज्ञानी म्हणवायचा. जोनाला उत्तर आधीच ठाऊक असतं. कारखान्याचं ध्येय पैसा, एवढं ठरलं की ‘पैसा कशासाठी?’ हे तो विचारतच नाही.