‘इंग्रजांनी रेल्वे आणली’ : जी.आय.पी. रेल्वेच्या मराठी इतिहासलेखनाची चिकित्सा

प्रस्तावना :

मराठीतील रेल्वेविषयक लेखनाला दरवर्षी १६ एप्रिलच्या सुमारास बहर येतो. १८५३ साली त्या दिवशी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली गाडी, तिचे १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, साहेब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने आणि तोफांची सलामी हा तपशील प्रत्येक लेखात येतो. तो वाचनीय आहे. परंतु त्यातून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीचा इतिहास हाती लागत नाही. हे बहुतेक लेखन ‘इंग्रजांनी रेल्वे आणली’ या एका वाक्यावर उभे असते. त्या वाक्यातील ‘इंग्रज’ हा कर्ता नेमका कोण, हा प्रश्न प्रस्तुत लेखात उपस्थित केला आहे.

कंपनी, सरकार आणि कंत्राटदार :

जी.आय.पी. ही लंडनमध्ये स्थापन झालेली खाजगी कंपनी होती. १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश संसदेच्या कायद्याने तिला मान्यता मिळाली आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. या करारातील कलमे हाच या इतिहासाचा खरा गाभा होय. जमीन सरकारने विनामूल्य द्यावयाची होती, मुदत ९९ वर्षांची होती आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती. उत्पन्न त्यापेक्षा कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघे. ते अधिक झाल्यास वरच्या नफ्यात कंपनीचा वाटा असे. म्हणजे तोटा रयतेचा, नफा मात्र दोघांचा! व्यापारात असा सौदा कोणी मान्य करील काय? अशी हमी असल्यावर आपला पैसा कोठे व कसा खर्च होतो याची भागधारकांना फिकीर राहिली नाही, अशा आशयाची साक्ष हिंदुस्थानचे माजी अर्थमंत्री मॅसी यांनीच १८७२ साली संसदीय समितीपुढे दिली होती. राष्ट्रवादी अर्थचिंतकांनी या पद्धतीवर पुढे कडक टीका केली. तरीही आपल्या स्मरणलेखांतून ‘हमी’ हा शब्द सहसा आढळत नाही.

नाना शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई यांनी १८४५ पासून रेल्वेसाठी केलेल्या खटपटीचा गौरव आपल्याकडे आवर्जून होतो, आणि तो योग्यही आहे. पण त्या गौरवाच्या भरात निर्णयाचे केंद्र मुंबईत होते असा समज पसरतो. भांडवल, हमी आणि प्रमुख नेमणुका यांची सूत्रे लंडनमध्ये होती. अभिमान आणि इतिहास यांतील हे अंतर लेखकाने सांभाळावयास हवे.

घाटातील कर्ता :

बोरघाटाच्या वर्णनात ही उणीव अधिक ठळक होते. सुमारे पावणेसोळा मैलांचा चढ, १,८३१ फुटांची उंची, २५ बोगदे ही आकडेवारी सर्वत्र मिळते. प्रमुख अभियंता जेम्स बर्कले यांनी १८६० साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे या रेल्वेवर निबंध सादर केला, त्यामुळे अभियांत्रिकीची बाजू उत्तम नोंदली गेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल यांचे १८५९ मध्ये अल्पावधीत निधन झाले व त्यांची पत्नी ॲलिस यांनी काम चालू ठेवले, ही कथाही मराठीत लोकप्रिय आहे. मजुरांच्या बाबतीत मात्र भाषा एकाएकी कर्मणी होते : बोगदे खोदले गेले, कडे फोडले गेले, घाट पूर्ण झाला. कोणी खोदले, हे वाक्य सांगत नाही. व्याकरणातील ही पळवाट इतिहासातील पळवाट ठरते.

वस्तुतः १८६१ च्या प्रारंभी या घाटात ४२,००० च्या आसपास मजूर राबत होते. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून त्यांनी दंगा केला आणि कंत्राटदार फॅव्हिएल यांनी लवकरच ते काम सोडले. रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मालक-मजूर तंट्यांचा त्वरित निकाल लावण्यासाठी १८६० साली स्वतंत्र कायदा झाला. पटकीने छावण्यांतील असंख्य माणसे दगावली. १८६३ साली घाटमार्ग खुला झाला तेव्हा त्यांच्या नावांची यादी कोणाजवळ नव्हती.

इयन केर यांच्या १९९५ मधील इंग्रजी ग्रंथाने रेल्वेबांधणीतील मजुरांना अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले. मध्य रेल्वेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला एस. एन. शर्मा यांचा जी.आय.पी.चा इतिहास मार्ग व दिनांक यांसाठी आधारभूत आहे. तथापि तो संस्थेने स्वतःविषयी प्रसिद्ध केलेला इतिहास आहे, हे वाचताना विसरता येत नाही. मराठी अभ्यासकाला आणखी एक वाट मोकळी आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवां यांनी मावळ-मुळशी भागातील जात्यावरच्या ओव्यांचे मोठे संकलन केले. बोरघाटाचा माथा याच मावळात येतो. त्या ओव्यांकडे रेल्वेच्या अंगाने पाहणे हे मराठी विभागांनी घ्यावयाचे काम आहे. ते केवळ इतिहास विभागावर सोपवून चालणार नाही.

अखेरचा हिशेब :

१८९९ मध्ये जी.आय.पी.च्या सिग्नलरांनी संप केला आणि टिळकांच्या पत्रांनी त्यांची बाजू घेतली. येथे कामगार प्रथमच वाक्याचा कर्ता होताना दिसतो. पुढच्याच वर्षी सरकारने ही रेल्वे विकत घेतली, परंतु १९२५ पर्यंत कारभार कंपनीकडेच ठेवला. खरेदीच्या वार्षिक हप्त्यांची मुदत १९४८ पर्यंत, म्हणजे मूळ कराराची ९९ वर्षे पुरी होईपर्यंत होती.

कोल्हापूरच्या बाबतीत तर हे वाक्य मुळीच टिकत नाही. आजरा तालुक्यात आजही रेल्वेस्थानक नाही. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी मात्र १८९१ साली मिरजेहून गाडी आली. तो मार्ग कोल्हापूर दरबारच्या मालकीचा होता आणि त्यावरील गाड्या सदर्न मराठा रेल्वे ही लंडनचीच दुसरी कंपनी चालवीत होती.