वाटीचा नाद आणि उपचाराचा दावा

ध्वनीने माणूस बरा करण्याची कल्पना जुनीच आहे. नवी आहे ती तिची भाषा. ‘मनावर आघात झालेल्यांसाठी, संवेदनशील चेतासंस्थेच्या व्यक्तींसाठी ध्वनी-उपचार’ असे आता या कार्यक्रमांच्या पत्रकांवर छापलेले असते. डोळे मिटून सतरंजीवर पडायचे आणि भोवती काशाच्या वाट्या वाजवल्या जायच्या, असे त्याचे साधारण स्वरूप. ताणलेल्या शिक्षकांना आणि ‘अस्वस्थ’ मुलांनाही हा उपाय सुचवला जातो, म्हणून त्याची तपासणी करणे आम्हाला जरुरीचे वाटते. तासभर निवांत पडून मंजुळ नाद ऐकल्यावर बरे वाटते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यामागे सांगितल्या जाणाऱ्या कारणांशी.

प्रथम वाटीकडेच पाहू. तिचा आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो. यात गूढ काही नाही, हे वर्गातही दाखवता येते. कान असलेला चहाचा कप घ्या. कानाच्या बरोबर वर, कडेवर चमच्याने हलकेच ठोका. मग कडेवरच ४५ अंश सरकून ठोका. दुसरा स्वर किंचित वरचा ऐकू येईल. पहिल्या वेळी कपाचा कानही कडेबरोबर हलतो, वस्तुमान वाढते आणि कंपने मंदावतात. दुसऱ्या वेळी कान जवळजवळ स्थिर भागावर येतो. वाटीला कान नसतो, पण हाताने ठोकून घडवलेल्या वाटीची जाडी सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे तिच्यातही असे दोन स्वर असतात, फक्त ते अगदी जवळचे. एक सेकंदाला २२० कंपनांचा आणि दुसरा २२४ कंपनांचा असेल, तर दोन्ही मिळून आवाज सेकंदाला ४ वेळा मोठा-लहान होतो. यालाच भौतिकशास्त्रात बीट्स म्हणतात.

दावा असा, की या चार हेलकाव्यांच्या तालात मेंदूही येतो, त्यात ‘थीटा’ लहरी उमटतात आणि चेतासंस्था शांत होते. मेंदूचा ऐकण्याचा भाग आवाजाच्या चढउताराचा मागोवा घेतो, एवढे खरे. पण आपल्या साध्या बोलण्यातही सेकंदाला चार-पाच अक्षरे येतात आणि त्यांचाही तो असाच मागोवा घेतो. मग इतिहासाच्या तासालाही वर्ग थीटा अवस्थेत जायला हवा. (जातोच, असे कोणी म्हणेल, पण ती झोप वेगळी!)

‘५२८ हर्ट्झचा स्वर डीएनए दुरुस्त करतो’ हे विधान तर याहून सैल आहे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेले माप. दिवसाचे ८६,४०० भाग केले म्हणून तो एवढा झाला. १९६७ पासून त्याची व्याख्या सीझियमच्या अणूवरून करतात, पण लांबी तीच ठेवली. दिवसाचे भाग वेगळे पाडले असते तर त्याच स्वराला दुसराच आकडा चिकटला असता. पेशीला आपला आकडा कसा कळावा? शिवाय या स्वराची पाण्यातील तरंगलांबी सुमारे २.८ मीटर असते आणि शरीरातील बहुतेक पेशी मिलिमीटरच्या काही शतांशांपेक्षा मोठ्या नसतात. एवढ्या लांब लाटेत सगळी पेशी एकत्रच हलते, तिच्या आतले काही वेगळे हलत नाही. आपले गवई कोणी काळी एकमध्ये गातात, कोणी पांढरी चारमध्ये. ‘सा’ बदलला म्हणून यमनाचा भूप होत नाही.

आता पुराव्याकडे वळू. कॅलिफोर्नियात ६२ जणांवर केलेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वारंवार पुढे केला जातो. वाट्या ऐकण्यापूर्वी आणि नंतर लोकांनी प्रश्नावली भरली; ताण, राग, थकवा कमी झाल्याचे आढळले. पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता! नुसते पडून राहिलेले, पावसाचा आवाज ऐकलेले किंवा शांतपणे भजन ऐकलेले ६२ जण सोबत असते, तर फरक वाटीचा की विश्रांतीचा हे कळले असते. आठवीच्या मुलाने खताचा प्रयोग एकाच कुंडीवर करून आणला, तर आपण त्याला जे विचारतो तेच येथे विचारायला हवे.

चेतासंस्थेच्या भाषेचा मोठा भाग स्टीफन पोर्जेस यांच्या १९९५ मधील ‘पॉलिव्हेगल’ सिद्धान्तातून आलेला आहे. हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेची आवरणयुक्त, ‘शांतवणारी’ शाखा फक्त सस्तन प्राण्यांत असते, असे त्यात मांडले होते. २०१८ मध्ये फुप्फुसमाशातही तशा आवरणयुक्त चेता सापडल्या. सिद्धान्तावर अजून वाद चालू आहे. पण तो सगळा खरा ठरला, तरी त्यातून वाटी गुणकारी असल्याचे सिद्ध होत नाही.

आम्हाला खरी काळजी वाटते ती ज्यांच्या नावाने हे चालते त्यांची. भूकंप, अपघात, मारहाण यांतून गेलेले माणूस लहानशा आवाजानेही दचकते. १९८० मध्ये आघातोत्तर विकाराची पहिली अधिकृत व्याख्या झाली, तेव्हापासून हे त्याचे लक्षण मानले जाते. अशा माणसाला अनोळखी लोकांत, डोळे मिटून, कोणत्या बाजूने कधी आवाज येईल हे माहीत नसताना पडून राहायला सांगणे निरुपद्रवी आहे असे गृहीत धरता येत नाही. आराम करू लागताच काहींची चिंता उलट वाढते, हेही १९८३ पासून नोंदलेले आहे. या विकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ज्या उपचारांची शिफारस केली, त्यांत आघाताच्या आठवणींवर प्रशिक्षित उपचारकाबरोबर काम करणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धती आहे. ती मेहनतीची आहे, आणि तासाभराच्या मंजुळ नादाइतकी आकर्षक अर्थातच नाही.

वर्गात एखादे मूल टोल वाजताच कान झाकत असेल, तर आधी त्याची श्रवण तपासणी करून घ्यावी. कानाचा दोष, स्वमग्नता, अर्धशिशी, घरातली भीती अशी कारणे अनेक असू शकतात आणि प्रत्येकावर उपाय वेगळा. तोवर त्याला टोलापासून दूरच्या बाकावर बसवावे, टोल होण्याआधी खूण करावी, आणि बाकांच्या पायांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसवावेत.