कार्बन अणुपुंजांची रचना व स्थैर्य : सैद्धांतिक व प्रायोगिक अभ्यासांची तुलनात्मक चिकित्सा

प्रस्तावना :
कार्बनच्या मोजक्या अणूंच्या समूहास कार्बन क्लस्टर अर्थात अणुपुंज असे म्हणतात. या विषयावरील लेखनात ‘सैद्धांतिक निष्कर्ष प्रयोगाने सिद्ध झाले’ असे विधान वारंवार आढळते. प्रस्तुत लेखात तीन उदाहरणांच्या आधारे या विधानाची चिकित्सा केली आहे.

१. सी-६० :
एईजी ओसावा यांनी १९७० मध्ये या रेणूची कल्पना जपानी भाषेत मांडली. १९७३ मध्ये बोचवार व गालपेर्न यांनी ह्युकेल पद्धतीने त्याची गणिते केली. १९८५ मध्ये राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल, स्मॉली व त्यांच्या सहकाऱ्यांना लेसरने बाष्पीभवन केलेल्या ग्राफाइटच्या वर्णपटात वस्तुमान ७२० चे ठळक शिखर मिळाले. परंतु वस्तुमान वर्णपट अणूंची संख्या सांगतो, मांडणी नव्हे. पोकळ गोलाकार रचना हा त्या वेळी तर्कच होता. १९९० मध्ये क्रॅचमर व हफमन यांच्या गटाने पदार्थ पुरेशा प्रमाणात मिळविला. सममितीनुसार अपेक्षित असलेले चार अवरक्त पट्टे आणि कार्बन-१३ एनएमआरमधील एकच रेषा यांनी त्या तर्कास खरा आधार दिला.

२. सी-२० :
येथे वलय, वाडगा व पिंजरा अशा तीन रचना संभवतात. हार्ट्री-फॉक पद्धत वलयास, स्थानिक घनता सन्निकटन पिंजऱ्यास, तर क्वांटम माँटे कार्लो गणना वाडग्यास सर्वांत कमी ऊर्जा देते. याउलट ग्राफाइटच्या लेसर बाष्पीभवनात प्रामुख्याने वलयच आढळते. २००० मध्ये प्रिन्झबाख यांच्या गटाने डोडेकाहेड्रेनपासून ब्रोमीनयुक्त संयुग तयार करून वायुरूप अवस्थेत पिंजरा मिळविला. म्हणजे कोणती रचना हाती येते, हे ऊर्जेइतकेच निर्मितीच्या मार्गावर अवलंबून असते.

३. सी-१८ :
या वलयातील सर्व बंध समान की एकेरी व तिहेरी बंध आलटून-पालटून, हा जुना वाद होता. बी३एलवायपीसारख्या प्रचलित घनता-फलन पद्धतींनी समान बंध सुचविले, तर कपल्ड क्लस्टर गणनेने आलटून-पालटून. २०१९ मध्ये आयबीएम झुरिक व ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाने दुसऱ्या पर्यायास पुष्टी दिली. तथापि तो रेणू अतिशीत अवस्थेत मिठाच्या थरावर होता, मुक्त अवस्थेत नव्हता, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

चर्चा :
वरील उदाहरणांवरून असे दिसते की ‘स्थैर्य’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. सिद्धांत बहुधा निरपेक्ष शून्य तापमानास किमान ऊर्जेची रचना शोधतो. प्रयोगात मात्र उच्च तापमान, एन्ट्रॉपी व अभिक्रियेचा वेग यांतून टिकून राहिलेली रचना दिसते. खुद्द सी-६० देखील प्रति अणू ऊर्जेच्या दृष्टीने ग्राफाइटपेक्षा कमी स्थिर आहे. तरीही तो टिकतो, कारण बंध तोडून पुनर्रचना होण्यास मोठा ऊर्जा-अडथळा असतो. दुसरे असे की, समघटकांमधील ऊर्जेचा फरक पुष्कळदा पद्धतीच्या त्रुटीएवढाच असतो.

निष्कर्ष :
सिद्धांत व प्रयोग यांचे निष्कर्ष जुळले, एवढ्यावरून रचना सिद्ध होत नाही. दोघांनी एकाच प्रश्नाचे उत्तर दिले आहे काय, हे आधी तपासावे लागते. पदव्युत्तर प्रकल्पांत संगणकीय गणना आता सहज होऊ लागली आहे. अशा वेळी एकाच फलनावर विसंबून ‘सर्वांत स्थिर रचना’ जाहीर करण्याऐवजी निदान दोन भिन्न प्रकारच्या पद्धतींची तुलना, तापमानाचा विचार आणि संबंधित प्रयोगाने नेमके काय मोजले याची नोंद, या तीन गोष्टींचा आग्रह मार्गदर्शक प्राध्यापकांनी धरणे उचित ठरेल.