कर्ता पुरुष आणि ऐकणारी स्त्री

अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने २०१८ साली मुलगे व पुरुष यांच्या मानसोपचारासाठी दहा मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. पुरुषत्व समाज घडवितो, हे त्यांतील पहिले सूत्र मान्य करण्यास प्रत्यवाय नाही. परंतु अशा विवेचनामागे जी भेट सहसा गृहीत असते, ती बंद खोलीतील दोन अपरिचितांची. आर्वी तालुक्यातील कापूसकऱ्याच्या वाट्यास ती क्वचितच येते.

शेतकरी-आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. वर्धा त्यांपैकी एक. घरोघरी विचारपूस करण्याचे काम आशा स्वयंसेविकांकडे आले. आशा ही त्याच गावची, बहुधा गावची सून. समोरचा पुरुष नात्याने भासरा लागतो किंवा मामंजी. ज्याच्यापुढे पदर सावरावयाचा, त्यालाच ‘झोप लागते का, जीव नकोसा होतो का’ असे विचारावयाचे!

आपल्या भाषेत कुटुंबप्रमुख हा ‘कर्ता पुरुष’. ‘मला रडू येते’ या वाक्यात मात्र तो कर्ता उरत नाही, चतुर्थीत जातो. त्याचे मौन केवळ ताठ्याचे मानणे म्हणूनच उथळ होय. तो पऱ्हाटीविषयी बोलतो: लाल्या आला, बोंडे सडली, भाव पडला. येथे कर्तेपण पिकाकडे जाते आणि दुःख सांगूनही पुरुषाचे स्थान ढळत नाही. हे बोलणे विषयांतर समजून प्रश्नावलीकडे वळणारा समुपदेशक नेमके सांगितलेलेच ऐकत नाही.

वर्धा नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत, ‘विश्राम’ या उपक्रमाने गावातच मदत उपलब्ध केली. नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे आकडे स्त्री-पुरुष दोघांचे आहेत. तथापि ‘आमची माणसे मदत मागतच नाहीत’ या समजुतीस ते पुरेसा धक्का देतात.

आमचा आक्षेप निराळाच आहे. ‘पुरुषास बोलता येत नाही’ या गृहीताची दुसरी बाजू म्हणजे ‘स्त्रीस ऐकता येतेच’ हे गृहीत. उपचाराने पहिले तपासले, दुसऱ्यावर मात्र सारी योजना उभारली. तीही वेतनावर नव्हे, मोबदल्यावर. शिवाय आशेच्या घरीही बहुधा कापूसच असतो. तिच्या घरच्या कर्त्यास हे प्रश्न कोणी विचारावयाचे?