बघे, प्रेक्षक आणि साक्षीदार

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 साली रंगायनने रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, आणि बेणारेबाई झाल्या होत्या सुलभा देशपांडे. बाईच्या छळाचं नाटक म्हणून त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र या खेपेला वाचताना एकच शब्द सारखा अडत राहिला, तो म्हणजे साक्षीदार. वेळ घालवायला म्हणून लुटुपुटूचा खटला सुरू होतो, आरोप भ्रूणहत्येचा, आणि साक्षीला येणाऱ्यांपैकी एकानंही असलं काही पाहिलेलं नसतं. गावचा भाबडा सामंत तर हातातल्या कादंबरीतून प्रसंग उचलून साक्ष देतो. वकील सुखात्मेंना तीसुद्धा चालते!

साक्षी म्हणजे ज्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं तो. शब्दातच अक्षि आहे. त्याला मागून फारसीचं 'दार' चिकटलं आणि तो कोर्टात उभा राहिला. आमच्या आदिलाबादेत तेलुगूतही साक्षीच म्हणतात. जुनी माणसं, निजामाच्या काळातल्या उर्दूच्या सवयीनं, गवाह म्हणायची. उर्दूत मजा बघणाऱ्याला तमाशबीन म्हणतात; आपल्या मराठीत तमासगीर म्हणजे मात्र फडावर नाचणारा-गाणारा. बघणारा आणि करणारा यांच्यातलं अंतर भाषेला फारसं मोठं वाटत नसावं.

बघे हा शब्द तर नेहमी गर्दीतच भेटतो. 'बघ्यांची गर्दी जमली' असं पेपरात येतं, पण 'तिथे एक बघ्या होता' असं कुणी छापत नाही. एकटा सापडला की त्याला नाव-गाव विचारतील, मग तो साक्षीदार होईल. म्हणून तो गर्दीतच बरा. आणि बघणारी बाई असली तर? तिच्यासाठी वेगळीच नावं तयार असतात: भोचक, चोंबडी, लोकांच्या घरात डोकावणारी. शेजारच्या सुनेचं रडणं भिंतीपलीकडून सगळ्यात आधी जिला कळतं, तिलाच ही नावं. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. कायद्याने दिलं ते शब्दाने काढून घेतलं, असं झालंय.

आपल्या लोकांत आणखी एक सोय आहे. दुसऱ्याच्या घरातला विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'अगं, आपण ज्ञाता-द्रष्टा राहावं.' एवढा मोठा शब्द इतका स्वस्त कसा झाला, कळत नाही. आपल्याच कर्माचा उदय आला की त्यात हर्ष-विषाद न करता पाहावं, यासाठीचा तो शब्द. दुसरीच्या पाठीवरचे वळ बघून गप्प बसण्यासाठी तो नव्हे. उलट प्रतिक्रमणात आपण रोज काय म्हणतो? केलेलं, करवलेलं आणि अनुमोदलेलं. तत्त्वार्थसूत्रात जीवाच्या आश्रयाने होणाऱ्या आस्रवाचे जे 108 भेद मोजले आहेत, त्यातही हे तिन्ही धरलेले आहेत. नुसती मान डोलावणाऱ्याचंही खातं तिथे उघडलेलं असतं.

या हिशेबाने सौ. काशीकर पाहाव्यात. नवऱ्याच्या सावलीत वावरणारी, येता-जाता त्याचं ऐकून घेणारी ही बाई, पण बेणारेला पिंजऱ्यात ओढायला हीच पुढे. एवढं वय झालं तरी लग्न नाही, पुरुषांत मोकळं हसणं-बोलणं, हीच तिची साक्ष. समीक्षकांचं लक्ष सुखात्म्यांकडे जातं. मला सौ. काशीकर जास्त ओळखीच्या वाटतात. हळदीकुंकवाला भेटतात त्या.

आणि प्रेक्षक? तेंडुलकरांनी खरी गंमत त्यांचीच केली आहे. पहिल्या अंकात आपण खदाखदा हसतो, म्हणजे अनुमोदन देऊन बसतो. शेवटी बेणारे आपलं सगळं बोलते तेव्हा रंगमंचावरचे बाकीचे थिजलेले असतात. ते ऐकायला फक्त समोरचे लोक जागे. तिकीट काढून आलेल्या माणसांना लेखकाने तिचे एकमेव साक्षीदार करून टाकलं. पण माझं इथे तेंडुलकरांशी जरा भांडण आहे. त्या साक्षीदारांना बोलायची जागा कुठे ठेवली? पडदा पडला की ते पुन्हा प्रेक्षक होऊन घरी जातात, 'सुलभाताईंनी काय काम केलं!' म्हणत. तिच्या पोटातलं मूल नष्ट करण्याची शिक्षा तशीच राहते.

खटला संपतो, खऱ्या प्रयोगाची वेळ होते, मंडळी काही घडलंच नाही अशी तयारीला लागतात. बेणारे पडून असते. तिच्याजवळ येतो तो सामंतच, कादंबरीतून साक्ष देणारा. पुतण्यासाठी घेतलेला कापडी पोपट तो तिच्याजवळ ठेवतो आणि हळूच मागे सरतो.