चार्ल्स्टनचे वाडे व मळे : एक साधनचिकित्सा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं साउथ कॅरोलायना या दक्षिणेकडील संस्थानांत चार्ल्स्टन हें जुनें बंदर आहे. ही वसाहत १६७० सालीं स्थापन झाली. पुढें भात व नीळ यांच्या व्यापारानें ती सधन झाली. आणि ही सारी शेती आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालली. आतां तेथील वाडे, उद्यानें व मळे पाहण्यास प्रवासी मोठ्या संख्येनें जातात. आम्हींही तीं स्थळें पाहिलीं. तेथें जें इतिहास म्हणून समोर येतें त्याच्या प्रामाण्याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम वास्तु घेऊं. बूनहॉल येथें जुन्या ओक वृक्षांच्या दुहेरी रांगेंतून वाड्याकडे जावें लागतें, आणि वाडाही तितकाच जुना असावा असें पाहणारास वाटतें. वस्तुतः तो १९३६ सालचा आहे. खरें जुनें तें वाटेच्या कडेस : गुलामांच्या राहण्याचीं विटांचीं नऊ घरें. मिड्लटन प्लेसचा मुख्य वाडा १८६५ सालीं यादवी युद्धांत जाळला गेला. आज उभी आहे ती त्याच्या बाजूची एक इमारत. ड्रेटन हॉल मात्र अठराव्या शतकांतील अस्सल वास्तु होय. १९७४ सालीं ती नॅशनल ट्रस्टकडे आली. ट्रस्टनें तिचें नूतनीकरण केलें नाहीं व आंत सामानही मांडलें नाहीं. आमच्या मतें हाच मार्ग योग्य. पोथींतील त्रुटित अक्षरें कल्पनेनें भरूं नयेत, हा नियम वास्तूंसही लागू आहे.

परंतु खरा प्रश्न लेखी साधनांचा. मळेवाल्यांचीं पत्रें, मृत्युपत्रें, हिशेबाच्या वह्या व मालमत्तेच्या याद्या विपुल आहेत. गुलामांच्या हातचें लिखाण अत्यल्प. यावरून त्यांना स्वतःचा असा इतिहासच नव्हता, असा पूर्वपक्ष कोणी करील. त्यास मीमांसकांनीं उत्तर देऊन ठेविलें आहे. अनुपलब्धि प्रमाण ठरते ती योग्यानुपलब्धि असेल तरच. म्हणजे वस्तु असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिति असली पाहिजे. येथें ती नाहीं. स्टोनो येथें १७३९ सालीं गुलामांचें बंड झालें. त्यानंतरच्या १७४० च्या कायद्यानें गुलामास लिहावयास शिकविणारास १०० पौंड दंड ठरविला. जेथें लिहिणेंच निषिद्ध, तेथें कागदाच्या अभावावरून कांहींच सिद्ध होत नाहीं.

तरीही साधनें आहेत. चार्ल्स्टनच्या जुन्या विटांवर त्या घडविणारांच्या बोटांचे ठसे आढळतात. गुलामास दुसऱ्याकडे मोलानें कामास पाठवावयाचें असल्यास धन्यास शहराकडून तांब्याचा बिल्ला घ्यावा लागे. त्यावर शहर, धंदा, वर्ष व क्रमांक असे. माणसाचें नांव मात्र नसे. संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, असे बनावट बिल्ले बाजारांत पुष्कळ आहेत. याच संस्थानांतील एजफील्डचा कुंभार डेव्हिड ड्रेक यानें गुलामीत असतां ओल्या मातीच्या रांजणांवर आपलें नांव, मिति व पद्यें कोरलीं. १८३४ च्या कायद्यानें गुलामांस वाचावयास शिकविणेंही गुन्हा ठरलें होतें. त्यानंतरही तो कोरीत राहिला. त्याचा १८५९ सालचा एक रांजण चार्ल्स्टनच्या संग्रहालयांत आहे. शिलालेखाइतकाच तो मोलाचा.

धन्यांच्या याद्याही टाकाऊ नव्हेत. त्या उलट बाजूनें वाचाव्या लागतात. नांवापुढें किंमत लिहिली ती धन्याच्या सोयीसाठीं; पण त्याच ओळींत कसब सांपडतें, कोठें आईचें नांव व तिचीं मुलें सांपडतात. गॅड्सडेनच्या धक्क्यावर, जेथें गुलामांचीं जहाजें लागत, तेथें २०२३ सालीं आफ्रिकी-अमेरिकन इतिहासाचें संग्रहालय उघडलें. त्यांत कुळांचा शोध घेण्याची सोय आहे, आणि वंशजांना पूर्वजांचीं नांवें बहुधा अशाच याद्यांतून शोधावीं लागतात.

म्हणून आमची सूचना एवढीच कीं, प्रत्येक वाड्यांत प्रवाशास आधीं ती यादी दाखवावी व मग दिवाणखाना. दिवाणखाना कोणाच्या श्रमांतून झाला, हें त्यास निराळें सांगावें लागणार नाहीं.